नोंदवहीबाहेरचे गुण

पहाटे साडेपाचला दिल्लीतील आमच्या सरकारी वसाहतीत दूधवाल्याची चाहूल लागते, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आदल्या दिवसाची सायंकाळ उलटत असते आणि तेथील व्यावसायिक बास्केटबॉलचे सामने सुरू होण्याच्या बेतात असतात. हिवाळ्याच्या दिवसांत अंगावर शाल लपेटून, घरातील कोणाची झोपमोड होणार नाही इतक्या हलक्या आवाजात, कचेरीची वेळ होईपर्यंत हे सामने पाहत बसावे, हा माझा गेल्या पंधरा वर्षांचा नेम आहे. विद्यार्थिदशेत मी इतक्या पहाटे उठत असतो तर नुसता बी. ए. होऊन थांबलो नसतो, असे माझ्या पत्नीचे स्पष्ट मत आहे. आणि त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुराचे मराठी करावयाचे आणि मुद्रिते तपासावयाची, हा माझा व्यवसाय. दुसऱ्याच्या शब्दांत दिवस घालवण्यापूर्वी घटकाभर दुसऱ्याच्या खेळात रमावे, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

कोणत्याही कलेच्या शौकिनांत असतो तसा एक कधीच न संपणारा वाद या खेळाच्या शौकिनांतही आहे: जुने मोठे की नवे मोठे? बालगंधर्वांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेले आजोबा आणि ते केवळ ध्वनिमुद्रिकेवर ऐकणारा नातू यांच्यात जो वाद आपल्या घराघरांतून झाला, तोच वाद अमेरिकेत बिल रसेल आणि लेब्रॉन जेम्स यांच्या नावांनी होतो. मी या वादात वर्षानुवर्षे नव्यांच्या बाजूने होतो, आणि तोही मोठ्या अभिनिवेशाने. तो अभिनिवेश माझ्या अंगलट कसा आला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझे वडील नागपूरचे. रेल्वेच्या नोकरीत असताना, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे दहा-बारा वर्षे, ते तेथील संघातून बास्केटबॉल खेळत. त्या काळी आमच्याकडील बहुतेक मैदाने मातीची किंवा सिमेंटची असत. खेळाडू कॅनव्हासचे बूट घालून खेळत, आणि सामना संपल्यावर मिळणारी केळी व दूध हीच त्यांची बिदागी. या खेळाची गोडी मला लावली ती त्यांनीच. चेंडू टाकताना मनगट कसे मोडावे, हे मी त्यांच्याकडून अंगणात शिकलो. पुढे माझी उंची वाढावयाची थांबली, चष्मा लागला आणि मी खेळणाऱ्यांतून पाहणाऱ्यांत जमा झालो; तथापि बापलेकांमधील हा धागा तुटला नाही. सुटीत मी नागपूरला गेलो की पहाटेचा सामना आम्ही दोघे मिळून पाहत असू. बाबा फारसे बोलत नसत. एखाद्या खेळाडूने आपली जागा बरोबर धरली की ते नुसती मान डोलवीत.

गेल्या दिवाळीत माझा चौदा वर्षांचा भाचाही आमच्यात येऊन बसला होता. त्या दिवशी सामना लवकर आटोपला, म्हणून मी १९५०च्या दशकातील बोस्टन संघाची एक जुनी कृष्णधवल फीत लावली. पडद्यावर बॉब कूझी चेंडू आपटीत चालला होता. एकच हात, बहुधा उजवा, आणि चेंडू सारखा तळहाताखाली. आजच्या खेळाडूंच्या हातांतील ती जादू, तो क्षणात डावीकडून उजवीकडे वळणारा चेंडू, यांपैकी काहीच नव्हते. भाचा हसू लागला, आणि मलाही चेव आला. अमेरिकेतील तरुण शौकीन जुन्या खेळाडूंची टिंगल करताना ‘हे तर दिवसा नळ दुरुस्त करणारे आणि आगी विझवणारे लोक’ असे म्हणतात. तेच वाक्य मी मराठीत करून ऐकवले आणि वर पुस्ती जोडली, “यांतला एकही आजच्या खेळात पाच मिनिटे टिकला नसता.”

बाबा काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग शांतपणे म्हणाले, “आमच्या वेळी हात चेंडूच्या खाली गेला की शिटी वाजायची.” एवढे बोलून ते उठले आणि फुलांना पाणी घालावयास गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सामना पाहावयास आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. विचारले तर म्हणाले, “थंडी आहे रे.” त्यानंतर माझी रजा संपली.

दिल्लीला परतताना गाडीत ते एक वाक्य माझ्या मनातून जाईना. ‘आमच्या वेळी’ असे ते म्हणाले होते. कूझीचा उपहास करताना मी नकळत आणखी कोणाचा उपहास केला होता, हे मला उशिरा उमगले. शिवाय त्या वाक्यात नुसते दुःख नव्हते. त्यात एक मुद्दा होता, आणि तो मी इतकी वर्षे ध्यानात घेतला नव्हता. चेंडू आपटताना हात त्याच्या बगलेला किंवा खाली नेऊन चेंडू क्षणभर तोलून धरणे, हा जुन्या पंचांच्या दृष्टीने स्पष्ट नियमभंग होता. शिटी वाजे आणि चेंडू प्रतिपक्षाकडे जाई. नियम आजही पुस्तकात आहे. पंचांनी त्याचा अर्थ लावताना हळूहळू हात सैल सोडला, आणि त्या सैलपणातून आजच्या हस्तकौशल्याला मोकळीक मिळाली. म्हणजे कूझीला जे येत नव्हते असे मी समजत होतो, ते त्याला करण्याची मुभाच नव्हती. मी ज्याला अज्ञान म्हणत होतो, ती शिस्त होती.

भाषांतराच्या व्यवसायात ही चूक मी सहसा करीत नाही. ज्ञानेश्वरीत ‘नावेक’ हा शब्द आला म्हणून ज्ञानदेवांना ‘क्षणभर’ हा शब्द सुचला नाही, असे कोणी म्हणत नाही. त्या काळच्या भाषेतच तो मजकूर वाचावा लागतो. मग खेळाडूंचा खेळ त्या काळच्या नियमांच्या भाषेत का वाचू नये? या विचाराने मी त्या हिवाळ्यात नव्या सामन्यांऐवजी जुन्या काळाची माहिती वाचू लागलो. जे वाचले, त्यातील काही येथे सांगावेसे वाटते. कारण हा खेळ आपल्या शाळाशाळांतून खेळला जात असला, तरी त्याचा हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

१८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून हा खेळ शोधून काढला. पहिल्या सामन्यात भिंतीवर पीचच्या फळांच्या टोपल्या टांगलेल्या होत्या आणि चेंडू फुटबॉलचा होता. ज्या वायएमसीए संस्थेत तो जन्मला, त्याच संस्थेने तो पुढे आपल्या देशात आणला. अमेरिकेतील व्यावसायिक संघांची संघटना मात्र पुष्कळ नंतरची. ती १९४६ साली निघाली आणि १९४९ पासून नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, अर्थात एनबीए, या नावाने ओळखली जाऊ लागली.

त्या आरंभीच्या काळातील सर्वांत मोठा खेळाडू जॉर्ज मायकन. सहा फूट दहा इंच उंचीचा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा लावून खेळणारा हा गृहस्थ टोपलीखाली उभा राहिला की त्याला अडवणे कठीण होई. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने त्यावर एक विलक्षण तोड काढली. चेंडू हाती आला की तो टाकावयाचाच नाही, नुसता धरून ठेवावयाचा. त्या दिवशीचा अंतिम गुणफलक होता १९ विरुद्ध १८. एका शालेय सामन्यातही याहून अधिक गुण होतात! मायकनच्या संघाचे १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे होते, आणि तरीही तो हरला. नियमात बसत असल्यामुळे कोणालाही काही म्हणता येईना, पण प्रेक्षक कंटाळून जाऊ लागले.

अखेर सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोने यांनी एक साधा हिशेब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारणपणे १२० वेळा चेंडू टाकतात. सामन्याची वेळ ४८ मिनिटे, म्हणजे २,८८० सेकंद. भागाकार केला की उत्तर येते २४. हाती आलेला चेंडू २४ सेकंदांत टोपलीकडे टाकलाच पाहिजे, असा नियम १९५४ साली झाला आणि एकाच वर्षात संघांची सामन्यामागील सरासरी ७९.५ गुणांवरून ९३.१ वर गेली. खेळाडू तेच, टोपली तीच, चेंडू तोच. केवळ एका भागाकाराने त्यांचे कर्तृत्व वाढलेले दिसू लागले. केवळ आकड्यांवरून माणसे तोलणाऱ्याने हे उदाहरण नेहमी डोळ्यांपुढे ठेवावे.

बरे, नुसता नियमांचाच फरक असता तरी गोष्ट निराळी होती. त्या पिढीचे जीवनही आजच्या खेळाडूंहून अगदी वेगळे होते. मोसम संपला की पोटासाठी दुसरा उद्योग शोधावा लागे. बोस्टनचा नामांकित खेळाडू टॉम हाइनसन विम्याचा व्यवसाय करी; मायकनने वकिलीचे शिक्षण घेतले होते. माझ्या त्या टिंगलीत सत्याचा अंश होता तो एवढाच. हे लोक खरोखरच दुसरी कामे करीत, पण खेळात उणे होते म्हणून नव्हे, तर खेळावर त्यांचे घर चालत नव्हते म्हणून. एल्जिन बेलर हा लॉस एंजेलिसचा अद्वितीय खेळाडू १९६१-६२ च्या मोसमात राखीव सैन्यदलाच्या सेवेत होता. आठवड्याच्या अखेरीस रजा मिळाली की तो विमानाने येई, सामना खेळे आणि पुन्हा छावणीत परते. अशा रीतीने त्याला ४८ सामने खेळता आले आणि त्यांत त्याची सरासरी होती ३८.३ गुण. आजच्या खेळाडूच्या दिमतीला आहारतज्ज्ञ, मर्दनकार आणि संघाचे खास विमान असते. तुलना करताना हे सारे कोणत्या रकान्यात मांडावयाचे?

याहून अवघड ओझे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या खांद्यांवर होते. १९५० पर्यंत एनबीएमध्ये त्यांना प्रवेशच नव्हता. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला अर्ल लॉइड हा या संघटनेच्या सामन्यात खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पुढे अकरा वर्षांनी, १९६१ च्या ऑक्टोबरात, बोस्टनचा संघ केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे एका प्रदर्शनीय सामन्यासाठी गेला असता, उतरण्याच्या ठिकाणच्या उपाहारगृहात त्याच्या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना अन्न देण्याचे नाकारण्यात आले. तोपर्यंत बोस्टनने चार विजेतेपदे मिळवली होती! बिल रसेल आणि त्याचे सहकारी सामना न खेळता घरी परतले. जातीपातीच्या अपमानाचा इतिहास ज्यांच्या देशाला नवा नाही, अशा आपल्यासारख्यांना त्या परतीच्या प्रवासाचा अर्थ सविस्तर सांगण्याचे कारण नाही.

रसेल हे नाव आले आहे, तर त्याच्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. कारण माझ्या या शोधाला खरे वळण त्याच्यामुळे लागले. तेरा मोसमांत त्याने बोस्टनला अकरा विजेतेपदे मिळवून दिली. त्यांपैकी शेवटची दोन, १९६८ आणि १९६९ ची, त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी मिळवली. १९६६ साली प्रशिक्षकपद स्वीकारणारा तो एनबीएतील पहिला कृष्णवर्णीय. त्याची गुणांची सरासरी मात्र पंधराच्या आसपास. आजच्या तरुणाने तो आकडा पाहिला तर ‘यात काय मोठे?’ असेच तो म्हणेल. मीही म्हणत असे.

रसेलची खरी कला होती प्रतिपक्षाचा चेंडू हवेतच थोपवण्याची. त्यातही त्याची खुबी अशी की, थोपवलेला चेंडू तो प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत नसे. तो हलकेच आपल्या सहकाऱ्याच्या दिशेने वळवी, आणि प्रतिपक्षाच्या आक्रमणातून स्वपक्षाचे आक्रमण जन्मास येई. असे चेंडू त्याने किती थोपवले? याचे उत्तर कोणापाशीही नाही. कारण थोपवलेल्या चेंडूंची अधिकृत नोंद एनबीएने सुरू केली १९७३-७४ च्या मोसमापासून, आणि रसेल निवृत्त झाला होता १९६९ मध्ये. ज्या कर्तृत्वासाठी त्याची ख्याती, त्याला अधिकृत नोंदवहीत रकानाच नव्हता.

मग मला अशा गोष्टी ठिकठिकाणी दिसू लागल्या. २ मार्च १९६२ रोजी पेन्सिल्व्हेनियातील हर्शी या लहानशा गावी विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात १०० गुण केले. हा विक्रम आजही अबाधित आहे. तो पाहावयास अधिकृत नोंदीप्रमाणे ४,१२४ प्रेक्षक होते आणि त्याचे चित्रण झालेले नाही. जे काही उरले, ते गुणपत्रक, ‘१००’ लिहिलेला कागद हाती धरलेल्या चेंबरलेनचे एक छायाचित्र आणि ध्वनिमुद्रणाचे तुकडे. त्याच मोसमात ऑस्कर रॉबर्टसनने गुण, झेललेले चेंडू आणि सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास, या तिन्हींची सामन्यामागील सरासरी दहाच्या वर राखली. आज याला ‘ट्रिपल डबल’ म्हणून गौरवतात. तेव्हा हा शब्द प्रचारातही नव्हता. त्याच्या पराक्रमाची बरोबरी व्हावयास २०१६-१७ चा मोसम उजाडावा लागला. एकाच्या कर्तृत्वाला रकाना नाही, दुसऱ्याच्या कर्तृत्वाची चित्रफीत नाही, तिसऱ्याच्या कर्तृत्वाला नाव नाही. आणि मी, चष्मा लावून, शाल पांघरून, नोंदवहीच्या आधारे त्यांचा न्याय करीत होतो!

या साऱ्या वाचनात मला सर्वाधिक भिडलेला प्रसंग मात्र मैदानावरचा नाही. १४ जानेवारी १९६४. बोस्टनमध्ये निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना होता आणि तो दूरचित्रवाणीवरून देशभर दाखवला जाणार होता. खेळाडूंच्या संघटनेची मागणी साधी होती: निवृत्तिवेतनाची योजना मान्य करावी. मालक वर्षानुवर्षे टाळाटाळ करीत होते. त्या रात्री खेळाडूंनी पोशाखाच्या खोलीचे दार लावून घेतले आणि आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, असे कळवले. आत रसेल, रॉबर्टसन, बेलर, चेंबरलेन, जेरी वेस्ट असे त्या काळचे सारे मोठे खेळाडू होते. संघटनेचा अध्यक्ष होता तोच, विम्याचा व्यवसाय करणारा हाइनसन. एका मालकाने आपल्या खेळाडूंना बाहेर येण्याचा दमदाटीचा निरोप पाठवला. त्याचा परिणाम उलटाच झाला आणि डळमळणारेही ठाम झाले. सामन्याची वेळ टळत चालली, तेव्हा संघटनेचे प्रमुख वॉल्टर केनेडी यांनी आश्वासन दिले आणि खेळ सुरू झाला. त्या रात्री सर्वोत्तम खेळाडूचा मान रॉबर्टसनला मिळाला. पुढे १९७० साली याच रॉबर्टसनच्या नावाने न्यायालयात दावा गेला आणि १९७६ च्या तडजोडीने खेळाडूंना आपला संघ निवडण्याच्या स्वातंत्र्याची वाट खुली झाली.

सरकारी नोकराला निवृत्तिवेतनाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आमच्या घरी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबांचे निवृत्तिवेतन बँकेत जमा झाले का, हे पाहण्याचे काम अजूनही माझ्याकडे आहे. त्यामुळे बंद दारामागे बसलेले ते वीस तरुण मला एकदम ओळखीचे वाटू लागले. आज एनबीएतील अग्रगण्य खेळाडूला वर्षाला पाच कोटी डॉलरहून अधिक वेतन मिळते. १९६५ साली चेंबरलेनने एक लाखाचा करार केला, तेव्हा रसेलने हट्टाने एक लाख एक डॉलरचा करार करून घेतला, ही गोष्ट तेव्हा नवलाची वाटली होती. लाखांवरून कोटींपर्यंतची ही वाट ज्यांनी दार लावून घेऊन मोकळी केली, त्यांचा त्यात फारसा वाटा नव्हता. किंबहुना, १९६५ पूर्वी खेळ सोडलेल्यांचा त्या निवृत्तिवेतनाच्या योजनेत आरंभी समावेशच नव्हता. त्यांना पुढे अनेक वर्षे झगडावे लागले. झाड लावणाऱ्याला सावली मिळेलच असे नाही, हे आपल्याकडच्या आमराया लावणाऱ्यांनाही ठाऊक होते.

इतके लिहिल्यावर, जुने ते सारे सोने, असा निष्कर्ष मी काढीन अशी वाचकांची अपेक्षा असेल, तर ती मला पुरी करता येत नाही. एका बाजूचा अन्याय दूर करताना दुसऱ्या बाजूवर अन्याय करणे, हा न्याय नव्हे. आजचे खेळाडू केवळ तीन-तीन गुणांचे लांबचे चेंडू टाकतात, अंगाला अंग भिडवीत नाहीत, त्यांना पैशाचा मद चढला आहे, असे जुने शौकीन म्हणतात. तेही माझ्या टिंगलीइतकेच उथळ आहे. दूरवरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देणारी रेषा एनबीएत १९७९ साली आखली गेली. त्या मोसमात एक संघ एका सामन्यात सरासरीने तीन वेळासुद्धा तसा प्रयत्न करीत नसे. अलीकडच्या मोसमांत ती संख्या पस्तीसच्या आसपास किंवा त्याहून वर गेली आहे. रेषा होती, पण तिचा अर्थ समजावयास एक पिढी जावी लागली. तो अर्थ जगाला स्पष्ट करून सांगितला स्टीफन करी याने. सहा फूट दोन इंच उंचीच्या, अंगाने शिडशिडीत अशा या खेळाडूने २०१५-१६ च्या एकाच मोसमात असे ४०२ चेंडू टोपलीत टाकले. धिप्पाडांच्या खेळात मध्यम चणीच्या माणसाने केवळ मनगटाच्या अभ्यासावर स्वतःची जागा निर्माण करावी, याला कोणी खेळाचा ऱ्हास म्हणत असेल तर म्हणो.

तोच न्याय सर्बियाच्या निकोला योकिच याचा. त्याला उंच उडता येत नाही, वेगाने धावता येत नाही. पण चेंडू कोणाच्या हाती केव्हा द्यावा, याची त्याची जाण अशी की, २०२१, २०२२ आणि २०२४ या तिन्ही वर्षी तो मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जुन्यांना खेळाची जी समज होती असे आपण म्हणतो, ती येथे जिवंत आहे. आणि लेब्रॉन जेम्स? २००३ साली, शाळा सोडताच, तो या खेळात आला. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याने करीम अब्दुल-जब्बार यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम ओलांडला, तो जवळजवळ एकोणचाळीस वर्षे करीम यांच्या नावावर होता. सामना थांबवण्यात आला. पंच्याहत्तरीचे करीम मैदानात आले, त्यांनी तो चेंडू हाती घेतला, वर धरला आणि लेब्रॉनच्या हातात दिला. हे दृश्य मी त्या सकाळी दिल्लीत पाहिले होते, तेव्हा मला त्यात केवळ एक समारंभ दिसला होता. आज आठवले की वाटते, कोण मोठे या वादाचे त्या दोघांनी दिलेले ते उत्तर होते. चेंडू एकच आहे, आणि तो कोणी तरी दिल्याशिवाय हाती येत नाही.

असो. उन्हाळ्याच्या रजेत मी पुन्हा नागपूरला गेलो. पहिल्याच पहाटे सामना लावला आणि बाबांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. क्षमा मागण्याची आमच्या घरात पद्धत नाही. बापलेकांत तर नाहीच. मी एवढेच म्हणालो, “बाबा, रसेलने किती चेंडू थोपवले, हे कोणालाच माहीत नाही म्हणे. तेव्हा मोजतच नसत.”

ते जागेच होते. उशी सारखी करीत म्हणाले, “आमचेही कोणी मोजले नाहीत.”

मग ते बाहेर येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसले, आणि त्या सकाळी सामन्याकडे आमचे फारसे लक्ष राहिले नाही. तीस-चाळीस वर्षांत प्रथमच मला कळले की, बाबा संघात गुण मिळवणारे नव्हतेच. प्रतिपक्षाच्या सर्वांत तरबेज खेळाडूला धरण्याचे काम त्यांच्याकडे असे. एका सामन्यात घोटा सुजला असताना बुटाच्या नाड्या आवळून ते अखेरपर्यंत कसे उभे राहिले, १९८० साली मॉस्कोच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ गेला तेव्हा ते आणि त्यांचे सोबती रेडिओला कसे चिकटून बसले होते, १९८४ साली आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा आली तेव्हा मैदानावर चुन्याने ती आखताना दोरी कोणी धरली होती, हे सारे त्यांनी सांगितले. यातील एकाही गोष्टीचा कागद आमच्या घरी नाही. एक पितळी चषक आहे. त्यावरील अक्षरे घासून घासून पुसट झाली आहेत.

भाचा एव्हाना उठून आला होता. आकड्यांवर वाढलेली ही पिढी, त्याने डोळे चोळीत सरळ विचारले, “आजोबा, एका मॅचमध्ये तुमचे किती पॉइंट व्हायचे?”

बाबांनी थोडा विचार केला. म्हणाले, “माझे? तीन-चार. कधी तेही नाही. पण मी ज्याला धरायचो ना, त्याचे त्याहून कमी व्हायचे.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले. हे कोठे लिहिलेले आहे का, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होता. नव्हते, म्हणून ते आज मी येथे लिहून ठेवले आहे.